एका पेशीतली अनेक प्रथिनं एकदम मोजून औषधं कशी चाळतात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात एम.फार्म. आणि एम.एस्सी.च्या मुलामुलींना मी फ्लो सायटोमेट्री (एक-एक पेशी लेसरसमोरून नेऊन तिच्यातली प्रथिनं मोजायचं तंत्र) शिकवते. दरवर्षी बॅच नवी असते, प्रश्न जुनेच. म्हणून एकदाचे लिहून काढले. उदाहरणं बहुतेक सिकलसेलची आहेत, कारण विदर्भात हा आजार कुणाला पहिल्यापासून समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक वर्गात एखादा तरी असतो ज्याच्या घरात सिकलसेलचं कार्ड आहे.

एक प्रथिन मोजून भागत नाही का? एवढी सगळी कशाला?

कधीकधी भागतं. पण एक खरं उदाहरण घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया देतात. त्याचा एक मोठा फायदा असा की गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, पुन्हा वाढतं आणि सिकल हिमोग्लोबिनच्या काड्या (ज्यांनी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते) जमायला अडथळा होतो. मग तुम्ही ठरवता, हिमोग्लोबिन एफ वाढवणारं दुसरं औषध शोधू. के५६२ नावाच्या पेशी आणता (त्या वाढवायला सोप्या, आणि गर्भातलं हिमोग्लोबिन बनवण्याकडे त्यांचा मुळातच कल), प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत, म्हणजे वेलमध्ये, ४८ पदार्थ घालता आणि फक्त हिमोग्लोबिन एफ मोजता. पाच-सहा ठिकाणी वाढलेलं दिसतं. पार्टी!

आता त्या ४८ मध्ये इमॅटिनिब होतं असं समजा. के५६२ पेशी मुळात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाच्या. त्यांच्यात बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं प्रथिन सतत चालू असतं, आणि २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं इमॅटिनिब नेमकं तेच बंद करतं. ते बंद झालं की या पेशी वाढ थांबवून तांबड्या पेशींच्या दिशेने जातात आणि हिमोग्लोबिन बनवू लागतात. म्हणजे तुमच्या चाळणीत इमॅटिनिब ‘पास’! पण सिकलसेलच्या रुग्णात बीसीआर-एबीएल नसतंच. हा निकाल त्या पेशींच्या आजाराबद्दल बोलतो, तुमच्या रुग्णाबद्दल नाही.

हे कळणार कसं? हिमोग्लोबिन एफसोबत फॉस्फो-स्टॅट५, म्हणजे बीसीआर-एबीएल चालू असताना फॉस्फेट लागलेलं राहणारं स्टॅट५ प्रथिन, हेही मोजलं असतं (वेगळ्या प्लेटवर, का ते शेवटी), तर तो धाडकन खाली आलेला दिसला असता. म्हणून आमचं शिकवायचं पॅनेल, म्हणजे एकत्र मोजायच्या प्रथिनांची यादी, सात प्रथिनांचं आहे: हिमोग्लोबिन एफ, फॉस्फो-स्टॅट५, पेशी तांबडी होतेय का हे सांगणारी सीडी७१ आणि सीडी२३५ए, विभाजन चालू आहे का हे सांगणारं केआय-६७, डीएनए तुटलाय का हे सांगणारं गॅमा-एच२एएक्स आणि पेशी मरणाच्या वाटेला लागली का हे सांगणारं तुटलेलं कास्पेज-३. शिवाय मेलेल्या पेशी वेगळ्या काढणारा एक रंग. एकूण आठ रंग. पहिलं प्रथिन ‘काय झालं’ ते सांगतं, बाकीची सहा ‘का झालं’ ते.

गंमत म्हणजे खुद्द हायड्रॉक्सीयुरियाच्या वेलमध्येही गॅमा-एच२एएक्स वर जातो, कारण ते डीएनएची कॉपी होण्यातच अडथळा आणतं. म्हणजे लाल दिवा लागला की औषध बाद, इतका सरळ हिशेब इथे नाही. फक्त दिवा लागलाय हे माहीत हवं.

आम्ही वेस्टर्न ब्लॉट करतो. त्यात पण सात प्रथिनं बघता येतात. फरक काय?

ब्लॉटमध्ये तुम्ही लाखो पेशी फोडून एकत्र रस्सा करता आणि त्यातली प्रथिनं अँटिबॉडीने ओळखता. हाताला लागते ती सरासरी.

दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. दोघांच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन एफ २० टक्के. पहिल्याच्या प्रत्येक तांबड्या पेशीत साधारण २० टक्के आहे. दुसऱ्याच्या तीनपैकी दोन पेशींत ३० टक्के आणि तिसरीत शून्य. सरासरी तीच, रिपोर्ट तोच. पण हिमोग्लोबिन एफ ज्या पेशीत आहे तिलाच वाचवतं, शेजारणीला नाही. दुसऱ्या रुग्णाची प्रत्येक तिसरी पेशी उघडी पडली आहे. रक्तातली हिमोग्लोबिनं वेगळी करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीच्या एका आकड्यातून हे कधीच दिसणार नाही. प्रत्येक पेशी स्वतंत्र मोजली तरच दिसेल.

स्क्रीनिंगमध्येही हेच. औषधाने सगळ्या पेशींत थोडा बदल केला, की थोड्या पेशींत खूप बदल केला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठी हे सगळे कष्ट घ्यावेत. रंगांची संख्या त्यानंतर.

यंत्र नेमकं काय बघतं?

अँटिबॉडीला चमकणारा रेणू जोडलेला असतो. अँटिबॉडी आपल्या प्रथिनाला जाऊन चिकटते. पेशी पाण्याच्या बारीक धारेतून एकामागे एक लेसरसमोरून जातात, दर सेकंदाला हजारोंनी. प्रत्येक रंगाचा उजेड वेगळ्या डिटेक्टरवर पडतो, आणि किती उजेड यावरून किती प्रथिन याचा अंदाज. आकड्याची तुलना करता येते, पण ‘या पेशीत अमुक इतके रेणू’ असं थेट म्हणता येत नाही. त्यासाठी वेगळे मणी लावून यंत्र जुळवावं लागतं.

हे तंत्र १९६०च्या दशकातलं. त्याला खरी धार आली ती १९७५ साली कोलर आणि मिल्स्टाइन यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवायची रीत दिल्यावर. एकाच प्रथिनाला ओळखणारी, दर वेळी तशीच मिळणारी अँटिबॉडी. १९८४ चं नोबेल त्याबद्दलच.

एका वेळी जास्तीत जास्त किती प्रथिनं?

साध्या फ्लो सायटोमीटरवर आठ-दहा आरामात. प्रत्येक रंगाचा पूर्ण वर्णपट वाचणाऱ्या स्पेक्ट्रल यंत्रावर २०२० साली ४० रंगांचं पॅनेल प्रसिद्ध झालं. धातूंवर चालणाऱ्या मास सायटोमेट्रीत ४० च्या वर. अँटिबॉडीला डीएनएची पट्टी जोडून सीक्वेन्सिंगने मोजायची एक रीत २०१७ पासून आहे. तिच्यात पेशीच्या पृष्ठभागावरची शेकडो प्रथिनं आणि सोबत आरएनएही मिळतं, पण ४८ पदार्थांना ती लावायची तर खर्चाची तयारी ठेवा. अँटिबॉडीशिवाय, मास स्पेक्ट्रोमेट्रीने हजारो प्रथिनं मोजता येतात. मात्र बहुतेक वेळा तिथे पुन्हा पेशी फोडून सरासरीच घ्यावी लागते.

मास सायटोमेट्री म्हणजे सायटॉफच ना? त्यात धातू का वापरतात?

हो, तेच. रंगांची अडचण अशी की ते एकमेकांत सांडतात. हिरव्याचा थोडा उजेड पिवळ्याच्या डिटेक्टरमध्ये जातो, आणि तो वजा करत बसावं लागतं. त्यालाच कॉम्पेन्सेशन म्हणतात. टोरंटोच्या गटाने यावर उपाय काढला आणि २००९ साली मांडला: अँटिबॉडीला रंगाऐवजी लँथनाइड गटातला धातू जोडायचा. एक-एक पेशी आर्गॉनच्या प्लाझ्मात जाळायची आणि राखेतले अणू वजनाप्रमाणे मोजायचे. पेशीत हे धातू मुळात नसतातच, त्यामुळे पार्श्वभूमी जवळजवळ कोरी, आणि शेजारच्या चॅनेलमध्ये सांडणंही फार कमी.

किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. पेशी जळून जाते, परत मिळत नाही. आणि वेग फ्लोच्या मानाने फारच कमी, सेकंदाला काहीशे पेशी.

एक बारीक गोष्ट: या यंत्राला नमुना देणार असाल तर काचेची भांडी साबणाने घासू नका. साबणातलं बेरियम सरळ ग्राफवर येऊन बसतं.

प्लेटमधल्या प्रत्येक वेलला वेगळी अँटिबॉडी घालायची? ते परवडायचं कसं?

नाही परवडत. म्हणून बारकोडिंग. मला स्वतःला या विषयातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

औषध देऊन झालं, पेशी फिक्स झाल्या (रसायनाने आहे त्या स्थितीत गोठवल्या), की प्रत्येक वेलमधल्या पेशींना ओळखीची खूण लावायची. मग सगळ्या वेल एकाच ट्यूबमध्ये ओतायच्या, एकदाच अँटिबॉडी घालायची, एकदाच यंत्रावर चालवायचं. कोणती पेशी कोणत्या वेलची ते नंतर संगणकावर खूण वाचून वेगळं करायचं. फ्लोमध्ये ही खूण म्हणजे रंगाची कमी-जास्त मात्रा. तीन रंग घेतले आणि प्रत्येकाच्या चार पायऱ्या केल्या, तर ४ × ४ × ४, चौसष्ट खुणा होतात. पाहिजे तर एका रंगाच्या सहा पायऱ्या करा, ९६ झाल्या, अख्खी प्लेट. मात्र हे तीन रंग तुमच्या यंत्राच्या हिशेबातून जातात. आठचे अकरा होतात. यंत्र दहाचं असेल तर दोनच रंग घेऊन बारा-बारा वेलचे गट करा.

धातूंमध्ये ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच बघितलं तरी पुरतं. सात धातू म्हणजे १२८ जोड्या. २०१२ साली अशाच सात धातूंच्या खुणांनी ९६ वेल एकत्र करून, रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर २७ इन्हिबिटरचा (प्रथिनांचं काम रोखणाऱ्या औषधांचा) परिणाम प्रथिनांवर फॉस्फेट लागण्याच्या १४ जागांवर तपासला गेला. पॅलॅडियमची आणखी एक युक्ती आहे. त्याचे सहा समस्थानिक, प्रत्येक नमुन्याला त्यातले नेमके तीन. असे वीसच नमुने बसतात, पण फायदा मोठा: दोन नमुन्यांतल्या पेशी चिकटून एकदम गेल्या तर तीनपेक्षा जास्त धातू दिसतात आणि चोरी पकडली जाते.

अँटिबॉडी वाचते हा वरवरचा फायदा. खरा फायदा असा की सगळ्या वेलना सारखीच अँटिबॉडी, सारखाच वेळ, सारखाच हात मिळतो. तिसऱ्या रांगेनंतर पिपेट धरलेला अंगठा दुखायला लागतो, तो भागच संपतो.

फिक्सिंगला इतकी घाई का करता, मॅडम?

कारण फॉस्फो-स्टॅट५ सारख्या प्रथिनांवर फॉस्फेटचा गट मिनिटांत लागतो आणि मिनिटांत निघतो. तुम्ही पेशी सेंट्रिफ्यूजला लावून चहाला गेलात, तर परत आल्यावर जे मोजाल ते औषधाचं नसेल, तुमच्या चहाचं असेल.

रीत सोपी आहे. वेलमध्येच फॉर्मॅल्डिहाइड घाला, शेवटी १.६ टक्के होईल असं, खोलीच्या तापमानाला दहा मिनिटं. धुवा. मग बर्फासारखं थंड मिथेनॉल, म्हणजे पेशीला भोकं पडतात आणि अँटिबॉडी आत जाते. मिथेनॉल हळूहळू, हलवत घाला. एकदम ओतलंत तर पेशींचे गोळे होतात आणि ते पुन्हा सुटत नाहीत.

पीई आणि एपीसी हे रंग स्वतःच प्रथिनं आहेत. मिथेनॉलमध्ये ते मरतात. म्हणून ते मिथेनॉलनंतरच लावा. आणि पृष्ठभागावरच्या प्रथिनांची ठेवणही मिथेनॉलने बदलू शकते, तेव्हा तुमची अँटिबॉडी त्यानंतर चिकटते का हे आधी एका ट्यूबमध्ये बघून घ्या.

मी वनस्पतींचे अर्क तपासतोय. “मॅडम, सगळंच पॉझिटिव्ह येऊन राहिलं.”

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी आधी एकच विचारते: अर्काचा रंग काय?

एका विद्यार्थ्याने वायगावच्या हळदीचा अर्क आणला होता. वर्ध्याच्या समुद्रपूर तालुक्यातली ही हळद, भौगोलिक मानांकन मिळालेली, अभिमानाची गोष्ट. हिरव्या चॅनेलमध्ये हिमोग्लोबिन एफची अँटिबॉडी होती आणि आलेख उजवीकडे असा सरकला होता की पोराचा चेहरा उजळला. मी म्हटलं, अँटिबॉडी न घालता त्याच पेशी चालवून बघ. आलेख जागचा हलला नाही. करक्युमिन स्वतःच हिरवं चमकतं, ४०५ नॅनोमीटरच्या लेसरवर तर जोरात आणि ४८८ वरही पुरेसं. पानांच्या अर्कातलं क्लोरोफिल लालमध्ये चमकतं. डॉक्सोरुबिसिन नारिंगीत. त्यात करक्युमिन अनेक प्रकारच्या चाळण्यांत खोटं यश दाखवण्यासाठी आधीच बदनाम आहे.

म्हणून प्रत्येक पदार्थासाठी एक वेल अँटिबॉडीशिवाय ठेवाच. तो पदार्थ चमकत असेल तर त्या चॅनेलमधलं प्रथिन दुसऱ्या रंगात हलवा. धातूंच्या यंत्राला ही चमक दिसतच नाही. पण तिथेही सिस्प्लॅटिन दिलंत तर त्यातलं प्लॅटिनम दिसेल!

औषधं ज्यात विरघळवतो त्या डीएमएसओचा वेगळा कंट्रोल कशाला? नुसत्या पेशी आहेत ना?

कारण १९७१ साली शार्लट फ्रेंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशींना नुसतं डीएमएसओ दिलं तरी त्या हिमोग्लोबिन बनवू लागतात. मात्रा मोठी होती, दोन टक्क्यांच्या आसपास. पण तुम्ही हिमोग्लोबिनच मोजणार आहात ना? मग शेवटची मात्रा ०.१ टक्क्याच्या पुढे नेऊ नका, आणि प्रत्येक वेलमध्ये ती सारखी ठेवा.

अँटिबॉडी उन्हाळ्यात मागवू का?

टाळता आलं तर टाळा. स्वतःची फजिती सांगते.

मे महिना, बाहेर ४५ डिग्री. पार्सल शुक्रवारी दुपारी शहरात पोचलं आणि हातात आलं सोमवारी. शनिवार-रविवार ते कुठल्यातरी गोदामात पडून होतं. डबा उघडला तर जेल पॅक कोमट, वरचा कागद घामेजलेला. सीडी७१ ची अँटिबॉडी होती, पीई-सायनीन-७ या जोडरंगाची. थीसिस जमा करायची तारीख तोंडावर, म्हणून वापरली.

जोडरंग म्हणजे दोन रंग एकमेकांना बांधलेले. पीई उजेड घेतो आणि सायनीनला देतो. उष्णतेने ही गाठ सुटते, मग पीई स्वतःच चमकत बसतो. आमच्या पॅनेलमध्ये पीईवर होता फॉस्फो-स्टॅट५. त्यामुळे इमॅटिनिबच्या वेलमध्येही तो खाली येईना. दोन आठवडे आम्ही इमॅटिनिबवर संशय घेतला, नवीन द्रावण केलं, पेशी बदलल्या. दोष कुपीत होता, आणि तो दिसला नाही कारण कॉम्पेन्सेशन जुन्या कुपीवर केलं होतं. तेव्हापासून नियम एकच: ज्या कुपीने प्रयोग, त्याच कुपीने त्याच दिवशी एकरंगी कंट्रोल. आणि अँटिबॉडी चार डिग्रीला, अंधारात. फ्रीझरमध्ये नाही.

प्लेटच्या कडेच्या वेल का सोडायच्या?

कडेचं पाणी आधी उडतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात इनक्युबेटरचं दार चार वेळा उघडलं की आणखी. ९६ पैकी कडेच्या ३६ वेलमध्ये नुसतं बफर भरा, आतल्या ६० वापरा. ४८ पदार्थ, १२ कंट्रोल. वर तोच आकडा का घेतला ते कळलं असेल.

चाळणी चांगली आहे हे कोणत्या आकड्यावरून ठरवायचं?

झेड-प्राइम, म्हणजे औषधाच्या आणि कंट्रोलच्या वेल एकमेकांपासून किती स्पष्ट वेगळ्या पडतात याचं माप. १९९९ पासून सगळे हाच वापरतात. समजा हायड्रॉक्सीयुरियाच्या वेलमध्ये हिमोग्लोबिन एफ असलेल्या पेशी सरासरी ६० टक्के, प्रमाण विचलन ४; डीएमएसओमध्ये १० टक्के, विचलन ३. विचलनांची बेरीज ७, तिची तिप्पट २१, भागिले सरासरींतला फरक ५०: ०.४२. एकातून वजा केलं की ०.५८. अर्ध्याच्या वर म्हणजे चाळणी चालवायच्या लायकीची. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत, थीसिसमध्ये उतरवू नका.) सातही प्रथिनांचा झेड-प्राइम वेगवेगळा काढा. एखाद्याचा शून्याखाली गेला तर त्याच्यावरून निष्कर्ष काढू नका, आलेख कितीही सुंदर असो.

एवढ्या आकड्यांचं करायचं काय?

६० वेल, प्रत्येकी १०,००० पेशी, सात प्रथिनं: ४२ लाख आकडे. यात काहीतरी ‘सापडणार’च, खरी भीती तीच आहे. ४८ पदार्थ गुणिले सात प्रथिनं म्हणजे ३३६ तुलना. एकाही पदार्थाचा काही परिणाम नसला तरी पाच टक्क्यांच्या कसोटीवर सतरा-एक निकाल निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निघतील. म्हणून बेंजामिनी-हॉकबर्गची (अनेक तुलनांतले खोटे निकाल आवरणारी) दुरुस्ती लावा आणि प्लेट तीन वेगवेगळ्या दिवशी करा.

दुसरी चूक याहून मोठी. दहा हजार पेशी म्हणजे दहा हजार नमुने नव्हेत. एका वेलमधल्या सगळ्या पेशी एकाच वेलच्या. तुमचे नमुने तीन, कारण दिवस तीन. हे मान्य करायला जड जातं, कारण पी-व्हॅल्यू लगेच फुगते.

कोडिंग यायलाच हवं का?

सात प्रथिनांना नाही. चाळीसला, हो.

के५६२ मध्ये काम केलं म्हणजे औषध सापडलं का?

नाही, एक शंका सापडली. या पेशींत डीएनए बिघडला की पेशीला थांबवणारं पी५३ प्रथिन काम करत नाही, बीसीआर-एबीएल आहे आणि सिकल हिमोग्लोबिन तर नाहीच. पुढची पायरी म्हणजे माणसाच्या सीडी३४ पेशी (रक्तपेशींच्या मूळपेशी) दोन-तीन आठवडे वाढवून त्यांच्यापासून तांबड्या पेशी करायच्या आणि त्यांच्यावर तेच पॅनेल लावायचं. तिथे एक अडचण येते: पिकलेल्या तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं, मग केआय-६७ आणि गॅमा-एच२एएक्स कुठे शोधणार? ते आधीच्या टप्प्यावरच मोजावे लागतात.

आणखी एक. आपल्याकडच्या बऱ्याच सिकलसेल रुग्णांत अरब-भारतीय प्रकारचा जनुकीय गट असतो आणि त्यांचं हिमोग्लोबिन एफ मुळातच आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त असतं. तेव्हा ‘दुप्पट झालं’ हे वाक्य कशाच्या दुप्पट ते सांगितल्याशिवाय लिहू नका.

नागपुरात बसून हे जमेल का, की मुंबई-पुण्यालाच जावं लागेल?

आठ रंगांपर्यंतचं जमतं. फ्लो सायटोमीटर ल्युकेमियाच्या निदानासाठीही लागतो, म्हणजे तो फक्त संशोधनाच्या प्रयोगशाळेतच सापडतो असं नाही. विचारायची लाज सोडा. चाळीस प्रथिनांसाठी बाहेर जावं लागलं, तर पेशी इथे फिक्स करून, धुऊन, गोठवून न्या. मिथेनॉलमधल्या नेऊ नका. ते पेट घेणारं द्रव्य आहे, रेल्वेच्या डब्यात चालत नाही.

प्लेट कोणत्या दिवशी लावू?

सोमवारी. हिमोग्लोबिन एफ वाढायला चार-पाच दिवस लागतात. शुक्रवारी सकाळी फिक्स करा, दुपारी मिथेनॉल घाला आणि उणे वीसला ठेवून द्या. तिथे पेशी काही आठवडेही टिकतात, त्यामुळे शनिवारी यंत्राचा स्लॉट नाही मिळाला तरी रडायचं कारण नाही. मात्र इमॅटिनिबचा फॉस्फो-स्टॅट५ बघायचा तर वेगळी प्लेट लावा आणि ती औषध दिल्यावर तासाभरात फिक्स करा. ती शुक्रवारच्या प्लेटसोबत शोधू नका.

फ्रीझरमधल्या डब्यावर नाव, तारीख आणि वेलचा नकाशा चिकटवा. मिथेनॉलचा थेंब पडला की मार्करची शाई पुसते, म्हणून पेन्सिलीने लिहा.